ज्या पाण्याला पोलीस ठाणं नाही

माझा धाकटा भाऊ जहाजावरून पाण्यात पडला, तेव्हा ते जहाज कुठल्याच देशात नव्हतं. हे मला पुढं इतक्या टेबलांसमोर सांगावं लागलं की माझ्या तोंडात ते पाठ केलेल्या धड्यासारखं बसलं. ऐकणारा प्रत्येक माणूस हातातलं पेन थांबवायचा आणि विचारायचा, "मग कुठं होतं?"

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. आमच्याकडं घराघरातून एक तरी माणूस जहाजावर. अब्बा जहाजावर होते, त्यांचे दोन्ही भाऊ होते. मी शिकले, महापेच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले आणि अब्बा गेल्यावर अम्मीला आणि भावाला घेऊन बेलापूरला राहायला आले. भावानं कॉलेज अर्धवट सोडलं, ट्रेनिंग केलं आणि तोही जहाजावर चढला. ट्रेनिंगमध्येच त्याला एक दोस्त मिळाला होता. खांदेश्वरचा मुलगा, मूळचा मराठवाड्यातला, वडील कारखान्यातून रिटायर झालेले. दोघांना एकाच जहाजावर काम लागलं तेव्हा अम्मीला किती बरं वाटलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडं जेवला. मला तोही भावासारखंच "आपा" म्हणायचा.

फोन दुपारी आला, मी ऑफिसात असताना. ज्या एजन्सीनं त्यांना जहाजावर पाठवलं होतं तिथला माणूस बोलत होता. "तुमचा भाऊ जहाजावरून बेपत्ता आहे. शोध चालू आहे." दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, शोध थांबवला. आणि आठवड्याभरानं, मी समोर जाऊन बसले तेव्हा, खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, कॅप्टनच्या रिपोर्टमध्ये झटापट लिहिलीय. त्याच्या मित्राबरोबर. भंडाऱ्यानं बघितलं म्हणे." भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. "मित्राला पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवलंय."

मी घरी जाऊन अम्मीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "माजा पोर खाडीच्या पान्यात वाढलाय. त्याला पानी कसा नेल?" आणि परत भाजी निवडायला लागली.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात मी मामेभावाला घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"जहाज कुठं होतं?"

मी माझं वाक्य बोलले.

"बरं, झेंडा कुठल्या देशाचा होता?"

मी देशाचं नाव सांगितलं. एवढासा देश, नकाशात बोटाखाली झाकला जाईल असा. त्या देशातलं कुणी त्या जहाजावर नव्हतं. मालक तिसऱ्याच देशातले, आणि काम करणारे बरेचसे आपल्याकडचे.

"मॅडम, मी तक्रार घेतो," ते म्हणाले. "शून्य नंबरानं घेतो आणि ज्यांची हद्द आहे त्यांच्याकडं पाठवतो. पण हद्द कुणाची, हे मलाच कळत नाहीये."

कागद मुंबईला बंदराच्या पोलिसांकडं गेले. त्यांनी उत्तर दिलं की आमची हद्द किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंत, हे त्याच्या फार पलीकडं. झेंड्याच्या देशाकडून एजन्सीमार्फत निरोप आला की आरोपी तुमचा, गेलेला माणूस तुमचा, तुम्हीच बघा. नातेवाईक घरी येऊन बसायचे आणि प्रत्येकाकडं सल्ला असायचा. मामेभाऊ हट्टानं म्हणायचा, "सेंट्रलला द्या केस. लोकलवाल्यांना जहाजातलं काय कळतंय? दिल्लीचे आले की दोन दिवसांत पोपटासारखा बोलेल तो." मलाही ते पटायचं. मला वाटायचं, जितकं मोठं कोर्ट, तितकं मोठं खरं.

शेवटी ओळखीतून पनवेलच्या एका वकीलबाई भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना चष्मा काढून हातात धरणाऱ्या. त्यांनी मला पहिल्यांदा सगळं नीट समजावून सांगितलं.

"हे बघा, मारामारी, खून, हे एरवी राज्याचं काम. आपले पोलीस, आपलं जिल्ह्याचं कोर्ट. दिल्लीचा काही संबंध नाही. पण भारतीय माणसानं भारताबाहेर गुन्हा केला असेल, तर तो माणूस देशात जिथं सापडेल तिथल्या कोर्टात केस चालवता येते. गुन्हा जणू तिथंच घडला असं धरून. तुमचा आरोपी राहतो खांदेश्वरला. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं तुमचा भाऊ खांदेश्वरला पडला."

त्यांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"फक्त एक गोष्ट आहे. तपास इथले पोलीस करतील, चार्जशीटही देतील. पण खटला चालायच्या आधी केंद्र सरकारची परवानगी लागते. ती येईपर्यंत जजसाहेबांचे हात बांधलेले."

"आणि सेंट्रलला दिली तर?"

"त्यासाठी राज्यानं संमती द्यायला हवी, नाहीतर हायकोर्टानं हुकूम द्यायला हवा. त्यात वेळ जाईल. आणि दिली तरी ही परवानगी चुकत नाही. तेच साक्षीदार, तेच पाणी. फक्त तुम्ही पनवेलऐवजी मुंबईला फेऱ्या माराल."

मी केस इथंच ठेवायचं ठरवलं. पण त्यांचं ते वाक्य माझ्या मागं लागलं. कामानिमित्त खांदेश्वरला उतरले की स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर मला क्षणभर पाय उचलावासा वाटत नसे. समोर सोसायट्यांच्या रांगा, औषधाचं दुकान, क्लासला निघालेल्या पोरी. आणि मला वाटायचं, ह्या सगळ्याच्या वर, तिसऱ्या-चौथ्या मजल्याएवढं पाणी आहे आणि त्यात तो आहे. कायद्यानं त्याला इथं आणून बुडवलं होतं. मी मान वर करून बघत नसे.

खांदेश्वरच्या पोलिसांनी त्या मुलाला घरातून अटक केली. तो पळाला नव्हता. काही महिने तो आत होता, मग जामीन झाला. चार्जशीट दाखल झाली आणि परवानगीसाठी कागद दिल्लीला गेले. आणि मग तारखा सुरू झाल्या.

तारीख म्हणजे काय ते ज्यानं काढलीय त्यालाच कळतं. रजा टाकायची, पनवेलला जायचं, बाकावर बसायचं. पुकारा झाला की आत जायचं. जजसाहेब सरकारी वकिलांना विचारायचे, "परवानगी आली का?" सरकारी वकील म्हणायचे, "अजून नाही, साहेब." पुढची तारीख. एवढंच. बाहेर येताना बाकावर बसलेली दुसरी माणसं आमच्याकडं बघायची. एवढ्या लवकर बाहेर आलो म्हणजे आमचं काम झालं असं त्यांना वाटत असावं.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो मुलगा आणि त्याचे वडील बसलेले असायचे. पहिल्या दोन-तीन तारखांना मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. पण माणूस किती वेळ पाठ करून बसणार? एकदा त्याचे वडील उठून माझ्यापाशी आले. उंच, वाकलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"ताई, बोलू का? वकील नको म्हणतेत. पण बोलतो."

मी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"तुमचं माणूस गेलंय. मी काय तोंडानं बोलू? पण ह्या केसचा निकाल लागू द्या. तो दोषी निघाला तर निघू द्या. आता पोरगं घरात बसून भिंतीकडं बघतंय. ना आत, ना बाहेर. त्याची आई त्याला विचारत नाही, मी विचारत नाही. विचारायचं कोर्टानं, आन कोर्टाला तर विचारायची परवानगीच नाही."

"आम्हालाही तेच हवंय, काका," मी म्हणाले. मी त्यांना काका म्हणाले ह्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आमच्या घरी भाऊ मेलाही नव्हता. प्रेत नाही, म्हणून दाखला नाही. कागदोपत्री तो बेपत्ता. अम्मी त्याच्यासाठी कुराण पढायची, पण मय्यत समोर नसताना पढतात ती जनाज्याची नमाज गावच्या मशिदीत ठेवायला तयार होईना. मौलानांनी समजावलं, मावशीनं समजावलं. ती म्हणायची, "कोनी सांगितला तो गेला म्हनून? कोर्टान सांगितला का?" ईदला तिनं त्याचे कपडे बाहेर काढले, झटकले, परत ठेवले. घरात तिचं त्याच्याशी बोलणं चालायचं. रडून नाही, साधंच. "ह्यो पंखा आवाज करतो रं," असं. मी दुसऱ्या खोलीत असले की मला वाटायचं, आता तो उत्तर देईल. आणि त्याची मला भीती वाटायची.

एका तारखेला अम्मीनं हट्ट धरला, मी पण येनार. नको म्हणून ऐकेना. मी तिला बाकावर बसवलं आणि वकीलबाईंना शोधायला गेले. परत आले तर ती जागेवर नव्हती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या मुलासमोर उभी होती. त्याचे वडील बाजूला सरकले होते. तो भिंतीला टेकून उभा, मान खाली.

मी धावत गेले. मला वाटलं ती त्याला मारेल किंवा पदर पसरेल. दोन्ही मला बघवलं नसतं.

अम्मी त्याला विचारत होती, "पानी थंड व्हता का?"

त्यानं मान आणखी खाली घातली.

"तुला इचारतंय. पानी थंड व्हता का?"

"हो," तो म्हणाला. "थंड होतं."

"अंगावर काय व्हता त्याच्या?"

"बॉयलर सूट. नारिंगी."

"बूट?"

"बूट पण होते."

अम्मीनं मान हलवली. बुटासकट पाण्यात पडलेला माणूस किती वेळ तरंगतो, हे तिला माहीत होतं. जहाजावरच्या माणसांत तिचा जन्म गेला होता. मी तिचा हात धरून तिला परत आणलं. घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "त्यान काय केला ते अल्लाला ठावं. पन आता माज्याशी खोटा नाय बोलला."

परवानगी आली तेव्हा आमची आशा सुटली होती. वकीलबाईंचा फोन आला, "दिल्लीहून आलं." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. आनंदानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

खटला चालला. जहाजावरची माणसं जगभर पांगलेली, काहींच्या साक्षी पडद्यावरून झाल्या. भंडारी मात्र स्वतः आला. केरळचा, म्हातारा झालेला, हिंदीत बोलणारा. त्यानं सांगितलं की संध्याकाळची वेळ होती, काम संपलं होतं. मागच्या डेकवर कठडा रंगवायला काढला होता, तिथं नुसती साखळी होती, तीही सोडलेली. ही दोन पोरं तिथं भांडत होती. तो भटारखान्याच्या दारात आला तेव्हा एक जण डेकवर पालथा होता आणि दुसरा कडेच्या बाहेर. "इसका हाथ उसके कॉलर पे था."

आरोपीच्या वकिलानं विचारलं, "हात ओढत होता की ढकलत होता?"

भंडारी खूप वेळ विचार करत राहिला. त्या म्हाताऱ्याचं मला अजून कौतुक वाटतं. तो म्हणाला, "साहब, हाथ था. बस. मैं भागा, तब तक वो नहीं था."

भांडण कशावरून, तेही निघालं. दोघांच्या कराराची मुदत संपून गेली होती, दोघांना घरी यायचं होतं. पुढच्या बंदरात कॅप्टन एकालाच सोडणार होता. पाळी मित्राची होती. भाऊ आधी जाऊन बोलला आणि त्यानं आपलं जाणं पक्कं करून घेतलं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी अम्मीकडं बघितलं नाही.

शेवटी जजसाहेबांनी मुलाला विचारलं, तुला काय सांगायचंय. तो म्हणाला, "तो घसरला. मी त्याला धरलं होतं." आणि बसला.

तो सुटला. संशयाचा फायदा. निकालपत्र जाडजूड होतं आणि त्यातला निम्मा भाग हा खटला ह्या कोर्टासमोर का चालू शकतो, ह्यावरच होता. वकीलबाई म्हणाल्या, अपील करता येईल. अम्मी म्हणाली, नको.

त्यानंतर पावसाळा गेला. एका संध्याकाळी मी ऑफिसातून बाहेर पडले तर गेटसमोर, कंपनीच्या बसेस उभ्या राहतात तिथं, तो उभा होता. अंगावर कुठल्यातरी गोदामाचा निळा शर्ट. तळोज्याला कामाला लागलो, म्हणाला. जहाजावर परत गेला नव्हता.

"आपा, दोन मिनिटं."

त्याच्या तोंडून तो शब्द मला नको होता. तरी मी थांबले. आजूबाजूला माणसं बसमध्ये चढत होती.

"मी कोर्टात खोटं नाही बोललो," तो म्हणाला. "मी धरलं होतं त्याला. एका हातानं त्याची कॉलर, दुसऱ्या हातानं खांब. त्यानं माझं मनगट धरलं होतं. तो वर बघत होता. ओरडत नव्हता. 'धर' एवढंच म्हणाला."

"मग?"

"मग सोडलं मी."

मी बसच्या दाराकडं एक पाऊल टाकलं.

"घसरला नाही हातातून. मी सोडलं. हात दुखत होता, आपा, खांद्यातून तुटतोय असं वाटत होतं. पण रागही होता. मनात आलं होतं, जा आता घरी. दुखलं म्हणून सोडलं की राग आला म्हणून सोडलं, ते मला कळत नाही. मी रोज आठवून बघतो. कळत नाही. आत होतो तेव्हा वाटायचं, कोर्टात कुणीतरी विचारेल आणि मला समजेल. कुणी विचारलंच नाही. ओढत होता की ढकलत होता, एवढंच विचारलं."

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्याला विचारलं, "हे तुझ्या वडिलांना माहीत आहे?" तो नाही म्हणाला. मी बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तेव्हा तो तिथंच उभा होता, उजवा हात डाव्या हातानं धरून.

मी अम्मीला सांगावं की नाही ह्यात बरेच दिवस काढले. ऑफिसात आकडे चुकायला लागले. वकीलबाईंना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत बंद केला. शेवटी एका शुक्रवारी, ती नमाज पढून उठली तेव्हा, मी तिच्याजवळ जमिनीवर बसून सगळं सांगितलं. त्यानं सांगितलं तसंच, एकही शब्द न बदलता.

ती जानमाजची, नमाजाच्या चटईची, घडी घालत होती. घडी तशीच मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

"हात दुखत व्हता म्हनाला ना?"

"हो. पण रागही..."

"तेवढाच धर," ती म्हणाली. "दुसरा माज्यान उचलनार नाय." मग घडी बाजूला ठेवून, "गावाला फोन लाव. नमाज ठेवायला सांग."

आम्ही गावी गेलो. पुरुष मशिदीत होते, आम्ही बायका मावशीच्या ओटीवर. समोर मय्यत नव्हती, जनाजा नव्हता, नुसती माणसं रांगेत उभी राहिली. मावशीच्या अंगणातून भरतीचं पाणी दिसत होतं, तिकडं कुणीही बघत नव्हतं. त्या मुलाचे वडील, कुठून कळलं कोण जाणे, एकटेच आले होते. मशिदीच्या फाटकाबाहेर, चपला काढून, हात जोडून उभे होते. त्यांना कुणी आत या म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. नमाज झाल्यावर ते तसेच एसटीच्या थांब्याकडं चालत गेले.

अम्मीचं आता बरं चाललंय. ती त्याच्याशी बोलत नाही, त्याच्यासाठी दुआ मागते. कपडे तिनं वाटून टाकले.

मला मात्र एक खोड लागलीय. घरात कुणी नसलं की मी बाथरूममधली बादली काठोकाठ भरते, उंबरठ्यावर उभी राहते आणि ती एका हातानं बाहेर धरते. दुसऱ्या हातानं चौकट. बोटं पांढरी पडतात, मग खांदा थरथरायला लागतो. मी सोडायचं नाही असं ठरवलेलं असतं. आणि दर वेळी, हात सुटायच्या जरासं आधी, मला त्या बादलीचा राग येतो.